पावसाचं पाणी: गटारात की जमिनीत?

लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच मराठवाड्यातल्या शहरांत एक जोरदार सर आली की रस्त्यावर पाणीच पाणी होतं. मग मागणी ठरलेली: काँक्रीटची मोठी गटारं बांधा.

गटाराचं काम पाणी पुढं ढकलणं. धो धो पाऊस झाला तर त्याला पर्याय नाही, हे मान्य. पण पावसाळ्याआधी गाळ काढला नाही तर ते तुंबतंच, आणि आपल्या गल्लीतलं पाणी खालच्या वस्तीत शिरतं.

दुसरा मार्ग म्हणजे पाणी पडेल तिथंच मुरवायचं. १०० चौरस मीटर छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला की १,००० लिटर पाणी होतं! आमच्या घरी छताचा पाइप विटांचे तुकडे, खडी आणि वाळू भरलेल्या शोषखड्ड्यात सोडलाय. पहिल्या पावसाचं मळकट पाणी तेवढं बाहेर जाऊ देतो.

अडचण आपल्या काळ्या मातीची आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पण भिजली की ती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वरच तुंबून राहतं. म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत खोल न्यायचा, घराच्या पायापासून लांब. उथळ ठेवला तर नुसते डास.

माझा कौल मुरवण्याला. गटारं सखल भागांत आणि मोठ्या रस्त्यांवर हवीतच. पण अंगणभर फरशी घालण्याआधी झाडांभोवतीची माती तरी उघडी ठेवा.