मिलोतला महिना: हैतीतल्या स्वयंसेवा कार्यक्रमाचं परीक्षण

पाचपैकी साडेतीन तारे. ते मिळालेत मिलोतल्या माणसांमुळे. नुसत्या संस्थेच्या कार्यालयाला द्यायचे असते तर मी दीडच्या वर गेले नसते.

मी मूळची सांगलीची, बॉस्टनला फिजिओथेरपिस्ट आहे. 2015च्या डिसेंबरात या कार्यक्रमातून उत्तर हैतीतल्या मिलो या गावात गेले आणि नवं वर्ष तिथेच उजाडलं. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. याच पद्धतीने चालणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत आणि त्या सगळ्यांना हेच प्रश्न विचारायला हवेत.

निघण्यापूर्वी एक माहितीपुस्तिका येते. तिच्यात मलेरिया, कॉलरा, चोऱ्या आणि 'पश्चिम गोलार्धातला सर्वांत गरीब देश' हे वाक्य. गुलामांनी नेपोलियनच्या फौजेला हरवून 1 जानेवारी 1804 रोजी हा देश उभा केला, याचा उल्लेखही नाही. कॉलऱ्याची भीती पानभर घातलीय, पण 2010मध्ये तो संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतून देशात आला, हे गाळलंय. नवखा स्वयंसेवक असलं वाचून मनात कीव घेऊन उतरतो, आणि कीव घेऊन रुग्णाला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे.

कामाची जागा मात्र उत्तम. तिथे मी स्थानिक पुनर्वसन तंत्रज्ञाच्या हाताखाली होते, आणि या कार्यक्रमातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट तीच. पक्षाघातानंतर उजवा हात लुळा पडलेल्या एका आजींसाठी मी बॉस्टनहून नेलेले व्यायामाचे तक्ते काढत होते, तेवढ्यात त्याने लाकडी उखळ आणून त्यांच्या गुडघ्यांमध्ये ठेवलं. आत लसूण, कांद्याची पात, थाइम, मिरची. हैतीत जवळजवळ प्रत्येक रश्श्याला लागणारं हे वाटण, एपिस. आजींनी डाव्या हाताने उजवा हात मुसळावर ठेवला आणि कुटायला लागल्या. खांदा, कोपर, मनगट, पकड, सगळं एका कामात. मध्येच थांबून त्यांनी मिरची कमी पडलीय म्हणून त्यालाच झापलं. ही उपचारपद्धती मी अजून माझ्या रुग्णांसाठी वापरते.

त्याच आजींच्या घरापुढे उतार हवा होता. रविवारी शेजारी फावडी घेऊन जमले, एकजण ढोल वाजवायला, बायकांनी भात रांधायला घेतला. याला तिथे कोन्बित म्हणतात, आपल्याकडची इर्जिकच. दुपारपर्यंत उतार तयार. त्याच आठवड्यात संस्थेने आणलेला परदेशी विद्यार्थ्यांचा एक गट शाळेची भिंत रंगवत होता आणि गावातले रंगारी कामाविना बसून बघत होते. हे मला अतिशय खटकलं, आणि मी ते अभिप्रायात स्पष्ट लिहिलं.

राहण्याची सोय एका कुटुंबात. खोली स्वच्छ, वीज बेभरवशाची, अंघोळीला बादली. शाकाहारींनी आधी कळवावं. भात-घेवडा, तळलेलं केळं, ॲव्होकॅडो आणि पिकलीझ हे कोबी-गाजराचं झणझणीत लोणचं, यांवर माझं छान भागलं. 1 जानेवारीला घरोघरी भोपळ्याचं सूप, सूप जूमू, करतात. गुलामगिरीच्या काळात ते मालकांसाठी शिजवायचं, स्वतः खायचं नाही. म्हणून स्वातंत्र्यदिनी ते सगळ्यांनी प्यायचं. त्यात गोमांस असतं. मादामनी, म्हणजे माझ्या यजमानीणबाईंनी, माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात बिनमांसाचं केलं, कारण त्या दिवशी त्यांच्या घरातून कुणी ते न पिता जाऊच शकत नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी सिटाडेल किल्ला पाहाच. स्वातंत्र्यलढ्यातला सेनानी आणि पुढे उत्तर हैतीचा राजा झालेल्या आंरी क्रिस्तोफने तो फ्रेंच परत आले तर म्हणून डोंगरमाथ्यावर बांधला, आणि तोफगोळ्यांचे ढीग अजून अंगणात रचलेले आहेत. चढताना माझा सहकारी सांगत होता: फ्रेंच 1825मध्ये खरंच आले, युद्धनौका घेऊन. स्वातंत्र्याला मान्यता हवी तर आमच्या मळेमालकांची भरपाई म्हणून 15 कोटी फ्रँक द्या, म्हणाले. पुढे रक्कम 9 कोटींवर आली, पण त्यापायी काढलेल्या कर्जांची फेड 1947पर्यंत चालली. पुस्तिकेतल्या त्या 'सर्वांत गरीब'चा हिशेब हा असा आहे. त्याने तो आवाज न चढवता, आकडे तोंडपाठ असल्यासारखा सांगितला. मला त्याचा फार आदर वाटला.

फीबद्दल तक्रार आहे. आमच्या पैशांतलं यजमान कुटुंबाला किती आणि तंत्रज्ञांच्या पगाराला किती जातं, हे मी पत्र पाठवून विचारलं. उत्तर आलं नाही.

आज राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या बहुतेक भागावर सशस्त्र टोळ्यांचा ताबा आहे, त्यामुळे सध्या जा असं मी कुणालाच सांगणार नाही. दिवस बदलले की जाऊ इच्छिणाऱ्यांनी क्रेओल ही तिथली बोली आधी शिकावी, फ्रेंचवर गावात भागत नाही. आठवड्याभराचा कार्यक्रम घेऊ नये. आणि पैसे भरण्याआधी विचारावं, की तिथे माझा वरिष्ठ कोण असेल? उत्तरात हैतीतल्या माणसाचं नाव आलं नाही, तर दुसरी संस्था बघावी.