कॅप्सूल, दही की तंतू: हृदयासाठी कशावर भर द्यावा?

कोलेस्टेरॉल किंवा साखर काठावर आली की आतड्यातल्या जिवाणूंची चर्चा कानावर येते. मग प्रश्न पडतो: प्रोबायोटिक (उपयुक्त जिवाणूंची) कॅप्सूल घ्यावी, आंबवलेलं खावं की तंतुमय आहार वाढवावा? माझा कौल तंतूंना, म्हणजे फायबरला, पण निकाल एकतर्फी नाही.

तंतू आपल्याला पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोटी मेदाम्लं तयार करतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः ब्युटिरेटवर जगतात. ओट्स शिजले की येणारा बुळबुळीतपणा म्हणजे बीटा-ग्लुकन हा विरघळणारा तंतू. तो पित्ताम्लं (चरबी पचवायला यकृत करतं ती आम्लं) धरून शौचावाटे बाहेर नेतो. नवी पित्ताम्लं करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. रोज 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेलं तर एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, थोडं उतरतं, हे बऱ्याच चाचण्यांत दिसलंय. कॅप्सूल आणि आंबवलेल्या पदार्थांकडे इतका भक्कम पुरावा नाही.

तरी आंबवलेल्या पदार्थांनी एक डाव जिंकलाय. स्टॅनफर्डच्या 2021 मधल्या अभ्यासात 36 निरोगी प्रौढांपैकी काहींनी 10 आठवडे तंतू वाढवले, तर काहींनी दही, केफिर (आंबवलेलं दूध), किमची (आंबवलेल्या भाज्या) असं खाल्लं. जिवाणूंची विविधता वाढली ती दुसऱ्या गटात. त्यांच्या रक्तातली दाहाशी निगडित 19 प्रथिनंही घटली. तंतूवाल्यांची विविधता जिथल्या तिथे. हे वाचून मी जरा खट्टूच झालो. पण हार्ट अटॅक टळले का, हे या अभ्यासाने तपासलेलंच नाही. रक्तदाब असेल तर खारवलेल्या भाज्यांतलं मीठही मोजावं लागेल.

कॅप्सूलच्या डबीवर नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिलं असेल तर ती परत ठेवा. गुण स्ट्रेनचा, म्हणजे जिवाणूच्या नेमक्या उपप्रकाराचा असतो, घराण्याचा नाही, म्हणून स्ट्रेनचा कोड हवा. डबीवरचा जिवंत जिवाणूंचा अब्जांतला आकडा उत्पादनाच्या दिवशीचा आहे की एक्स्पायरीपर्यंतचा, हेही बघा. अकरमान्सिया या आतड्यातल्या जिवाणूची 2019 मधली चाचणी मात्र मजेशीर आहे: पाश्चरीकरणाने मारलेले जिवाणू 3 महिने दिले, तर इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारला. पण चाचणी पूर्ण करणारे होते अवघे 32 जण. प्रतिकारशक्ती कमी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅप्सूल नकोच.

तंतू एकदम वाढवलेत तर पोट फुगेल. आठवड्या-आठवड्याने वाढवा, पाणी जास्त प्या, आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका.