राजारामपुरीतील को-वर्किंग जागा : दूरस्थ नोकरी करणाऱ्याचा अभिप्राय

टाळेबंदीपासून पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांची नोकरी कोल्हापुरात राहूनच करणाऱ्या आम्हा मंडळींचे खोलीभाडे वाचले आणि आईवडिलांजवळ राहता आले, हे खरे. परंतु काम नेमके कधी सुरू होते आणि कधी संपते, याला धरबंध उरला नाही. राजारामपुरीतील ज्या को-वर्किंग जागेत, म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांचे लोक एकत्र बसून काम करतात अशा सामायिक कार्यालयात, मी हल्ली बसतो, तिचे मोल मला याच कारणाने वाटते.

खुर्च्या कमरेला आधार देणाऱ्या आहेत, इंटरनेट भरवशाचे आहे आणि वीज गेली तरी काम अडत नाही. मात्र खरा लाभ दुपारी दीडच्या सुमारास होतो, जेव्हा कोणीतरी ‘चला की जेवायला’ अशी हाक देतो आणि मागच्या खोलीत भाकरी, खर्डा, झुणक्याचे डबे उघडतात. सुरुवातीला कानातले हेडफोन न काढताच जेवणारा एक तरुण आता स्वतःच टेबलाटेबलावर जाऊन सर्वांना उठवतो. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी चीनमधील सीट्रिप कंपनीत केलेल्या प्रयोगात घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली होती. तरीही पुढे निवडीची मुभा मिळताच त्यांच्यापैकी निम्म्याच्या आसपास लोक कार्यालयात परतले, आणि त्यामागे एकटेपणा हे मोठे कारण होते. आमच्या जेवणाच्या टेबलावर ते सहज पटते.

रात्री नऊला येथील दिवे मालवले जातात, आणि हा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक असतो, असे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मांडले आहे.

उणीव एकच, पण ती रोज जाणवते : फोनवर बोलण्यासाठी बंद केबिन एकच आहे, त्यामुळे संध्याकाळी अमेरिकेच्या बैठका सुरू झाल्या की सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळतात. कॅलिफोर्नियातील सकाळी नऊच्या बैठकीच्या वेळी येथे रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात, म्हणून जागा उशिरापर्यंत उघडी ठेवावी अशी काहींची मागणी आहे. मला ती मान्य नाही. वेळ कंपन्यांनी बदलावी. व्यवस्थापनाने दुसरी केबिन तेवढी लवकर बांधावी.