चिपळूणचं डायलिसिस सेंटर: आईसाठी जातो, आमचा अनुभव

आम्ही गुहागरकडचे, आईची किडनी गेल्यापासून आठवड्यातून तीनदा चिपळूणला बाजारपेठेच्या मागच्या सेंटरला जातो, आणि खरंच सांगतो इथला स्टाफ सोन्यासारखा आहे. सुई टोचताना आधी "काकी, आता थोडं दुखेल हां" म्हणतात, बीपी सारखं बघतात.

मला सगळ्यात आवडलं ते टेक्निशियन दादांनी रक्त गाळायचा फिल्टर हातात घेऊन नीट समजावलं ते. त्या नळकांड्यात पॉलीसल्फोन नावाच्या प्लास्टिकच्या हजारो पोकळ नळ्या असतात, एकेक आतून साधारण २०० मायक्रॉनची (म्हणजे ०.२ मिलिमीटर), शेवयांपेक्षाही बारीक, रक्त आतून जातं, डायलिसिसचं पाणी बाहेरून उलट्या दिशेनं, आणि भिंतीतल्या छिद्रांतून युरिया, क्रिएटिनिन असा रक्तातला कचरा निघून जातो पण रक्तपेशी आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन आतच राहतं. १९४३ मध्ये हॉलंडच्या डॉ. कोल्फनी सॉसेजवर गुंडाळायचं सेलोफेन वापरून डायलिसिसची सुरुवात केली होती म्हणे! नंतरच्या सेल्युलोजच्या पडद्यांना रक्त जास्त रिॲक्ट व्हायचं, पॉलीसल्फोनला ते कमी, आणि त्यात पीव्हीपी नावाचं दुसरं पॉलिमर मिसळतात म्हणून ते पाणी धरून ठेवतं. हाय-फ्लक्स नावाच्या फिल्टरमध्ये छिद्रं मोठी, त्यामुळे बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन या प्रोटीनसारखे मोठे रेणूपण निघतात. असं मटेरियल बनवणाऱ्यांचे आम्ही मनापासून आभारी आहोत.

एसी फार थंड असतो, चादर न्या. कुठला फिल्टर लावणार आणि तो पुन्हा वापरणार का हे आधी विचारा, इथे सरळ उत्तर देतात. शक्यतो सकाळची शिफ्ट मागा, रात्री गुहागरकडे परतताना एसटीची पंचाईत होते.