बेळगावहून जुन्या खाणींच्या वाटेवर: चंदगड, डिचोली की गदग?

बेळगावातून सायकल काढली की जुन्या खाणींचे तीन मुलूख आवाक्यात येतात आणि तिघांचा स्वभाव वेगळा. पश्चिमेला चंदगडचे बॉक्साइटचे सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारं, चोर्ला घाट उतरलं की गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीचा लोहखनिजाचा पट्टा, आणि पूर्वेला हुबळीच्या पलीकडं गदगजवळच्या कप्पतगुड्ड डोंगरातल्या सोन्याच्या खाणी. "शांत रस्ता कुठला?" असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, खाण खरंच संपली आहे की नुसती थांबली आहे? खाणीच्या मुलखातली शांतता टिप्परवर, म्हणजे खनिज वाहणाऱ्या ट्रकांवर, अवलंबून असते. टिप्पर थांबले तर असा रस्ता सोन्यासारखा, सुरू झाले तर सायकल घरात बरी.

चंदगडचं आधी उरकतो, कारण त्यात ठरवण्यासारखं फारसं नाही. एक रविवार मोकळा असला की जावं. हिंडलगा, सुळगा, बाची, शिनोळी हा वेंगुर्ल्याचा रस्ता सरळ आहे, पण वाहनं भरपूर. त्यापेक्षा बेळगुंदीवरून राकसकोपच्या जलाशयाकडं निघावं आणि तुडयेमार्गे आतल्या गावांतून चंदगड तालुक्यात शिरावं. अंतर थोडं वाढतं, चढउतार पायाला जाणवतात, पण काजूच्या बागा आणि भातखाचरांमधून जाताना मागून हॉर्न क्वचितच वाजतो. बेळगावच्या अॅल्युमिनियम कारखान्यासाठी बॉक्साइट याच बाजूच्या सड्यांवरून येत आलं, कासारसडा हे त्यातलं ठळक नाव. बॉक्साइट खोल नसतं. जांभ्याच्या टोपीखाली काही मीटरच्या थरात मिळतं, त्यामुळं इथं गोव्यासारखे पाताळात जाणारे खड्डे दिसत नाहीत. सड्याची कड पायऱ्या पाडल्यासारखी कापलेली, भरून सपाट केलेले तुकडे, त्यावर ओळीनं लावलेली झाडं, एवढंच. सप्टेंबरात न खणलेल्या सड्यावर गेंद, दवबिंदू, सीतेची आसवं फुललेली असतात आणि दहा पावलांवरच्या खणलेल्या पट्ट्यात ती क्वचितच दिसतात. हा फरक डोळ्यांनी बघण्यासाठी तरी एकदा जायलाच हवं. गेट किंवा पाटी दिसली तर मुकाट्यानं मागं फिरावं. आणि अंधार पडायच्या आत परतावं. या भागात गवे रस्त्यावर येतात आणि हत्तींचा वावरही गेली बरीच वर्षं आहे. गव्यासमोर सायकलची घंटा वाजवून काही उपयोग नाही.

खरा निर्णय आहे तो गोवा की गदग, यातला.

गोव्याच्या बाजूचं पहिलं आकर्षण म्हणजे तिथं पोचायची वाट. पिरनवाडी, किणये, जांबोटी, मग मलप्रभेचं उगमस्थान असलेलं कणकुंबी आणि पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर चोर्ला. जांबोटीपर्यंत रस्ता नुसता वर-खाली होतो, पुढं जंगल दाट होतं. चोर्ल्याहून खाली केरीपर्यंत सातशे मीटरच्या आसपास उतार आहे, हात ब्रेकवरून हटत नाहीत. पण हा रस्ता शांत आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शनिवार-रविवारी निम्मं बेळगाव-हुबळी याच रस्त्यानं गोव्याला धावत असतं आणि वळणावर ओव्हरटेक करणं हा इथला राष्ट्रीय खेळ आहे. मंगळवार-बुधवारी पहाटे निघालात तरच चोर्ला सायकलवाल्याचा. पावसाळ्यात धुकं आणि ओली वळणं यामुळं मी कुणालाही पाठवणार नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठीक.

शांतता सुरू होते ती केरी-साखळी सोडल्यावर. मुख्य रस्ता टाळून हरवळे, कुडणे, वेळगे, सुर्ल, पाळी अशा गावांतून फिरायचं. एक सावधगिरीची गोष्ट: सुर्ल नावाची गावं दोन आहेत, एक घाटमाथ्यावरचं सत्तरीतलं आणि एक खाली डिचोली तालुक्यातलं खाणींचं. मोबाईलच्या नकाशात चुकीचं सुर्ल टाकलं तर तो निमूटपणे परत घाट चढायला लावतो.

या गावांत डोंगर म्हणून जे दिसतात त्यातले बरेच डोंगर नाहीतच. ते डंप आहेत, खाणीतल्या टाकाऊ मातीचे ढीग. इथं एक टन खनिज काढायला साधारण अडीच-तीन टन माती-दगड बाजूला काढावा लागतो आणि तो सगळा शेजारीच रचलेला. त्यावर झुडपं उगवलीत, पावसाच्या घळी पडल्यात, पण वरचा माथा फूटपट्टीनं आखल्यासारखा सपाट असतो, त्यावरून ओळखायचं. डंपच्या पलीकडं पिट, म्हणजे खाणीचे खड्डे. भूजलाच्या पातळीखाली खणलेले असल्यामुळं पंप बंद झाल्यावर ते भरून गेले, आणि लाल भिंतींच्या मध्ये हिरवट-निळं पाणी थांबलं. फोटोला छान दिसतं, पण काठ ठिसूळ असतात आणि पाणी एकदम खोल. कुंपणाच्या आत पाऊल टाकायचं नाही, पोहायचं तर मुळीच नाही.

हे सगळं थांबलं कसं, ते माहीत असल्याशिवाय या रस्त्यांचा अर्थ लागत नाही. पोर्तुगीज काळात दिलेल्या सवलतींवर इथला खनिज धंदा उभा राहिला आणि चीनची मागणी वाढल्यावर २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज बाहेर जात होतं. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली, पण फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयानं ८८ लीजची (खाणपट्ट्यांची) नूतनीकरणं रद्द केली आणि मार्चपासून पुन्हा सामसूम. त्या सामसुमीमुळंच ट्रकांसाठी रुंद केलेले रस्ते सायकलला मोकळे मिळाले. गावकऱ्याला त्याचं कौतुक सांगू नका. कुणाचा ट्रक हप्ते थकून विकला गेलाय, तर कुणाच्या शेतात वर्षानुवर्षं खाणीचा गाळ येत होता. एकाच टपरीवर दोघं चहा पीत बसलेले असतात आणि दोघांचं म्हणणं खरं असतं.

आता खाणींच्या ब्लॉकचे लिलाव झालेत. २०२४ मध्ये डिचोलीच्या ब्लॉकमधून खनिज पुन्हा निघू लागलं. म्हणजे ही शांतता उसनी आहे. निघण्याआधी साखळी-डिचोलीकडच्या ओळखीच्या माणसाला फोन करून कुठल्या रस्त्यावर वाहतूक चालू आहे ते विचारून घ्यावं. बेळगावात कुणाचा ना कुणाचा पाहुणा तिकडं असतोच. माझ्या मते, दोन्ही सहली करायच्याच असतील तर गोव्याची आधी करा. गदग पळून जात नाही.

सायकलीचं एक सांगतो. लोहखनिजाची पूड बारीक, जड आणि खरखरीत असते. चेनला रोजच्यासारखं सढळ तेल घातलंत तर संध्याकाळपर्यंत त्या तेलात पूड मिसळून किरमिजी राप तयार होतो. बोटाला चोळून बघा, पॉलिश पेपर घासल्यासारखं लागतं. तो चेन आणि गिअरचे दात झिजवत राहतो. निघण्याआधी चेन कोरडी पुसून मेणाचं वंगण लावावं, मुक्कामी ब्रशनं झाडावी. पाण्याचा फवारा नको.

मुक्काम साखळी किंवा डिचोलीत सहज होतो, मयेच्या तळ्याकडंही सोय आहे. सकाळी पदेराचे (पाववाल्याचे) गरम पाव, पातळभाजी, आणि भाषा अडत नाही. परतीला मात्र प्रामाणिक विचार करा. केरीहून तो सगळा उतार आता चढायचा, लादलेल्या सायकलीवर. गुडघ्यांना झेपणार नसेल तर मडगावला जाऊन गोवा एक्स्प्रेसनं कॅसलरॉक-लोंढ्यामार्गे बेळगाव गाठता येतं. सायकल पार्सलमध्ये टाकावी लागते, तेव्हा स्टेशनवर वेळ हातात ठेवून जा.

गदगची गोष्ट निराळी. इथं कुणाशी वाद नाही, कारण धंदा मेल्याला शंभरावर वर्षं झाली. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७४ मध्ये डंबळच्या, म्हणजे याच कप्पतगुड्डाच्या, टेकड्यांतल्या सोन्याबद्दल लिहिलं. जालगार लोक त्याआधीपासून पावसानंतर ओढ्यांची वाळू धुऊन सोन्याचे कण काढत होते. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज कंपन्या आल्या, कबुलायतकट्टी, अत्तिकट्टी, होसूर अशा ठिकाणी खाणी निघाल्या, आणि पहिल्या महायुद्धापर्यंत सगळा फुगा फुटलासुद्धा. शिरहट्टीचा मुलूख तेव्हा सांगली संस्थानाकडं होता, आणि भूवैज्ञानिकांच्या लिखाणात या पट्ट्यातल्या एका खाणीचं नाव 'सांगली' असंच येतं. हे कळल्यापासून माझ्या मिरजेच्या मित्रांना गदगला न्यायला वेगळं काही सांगावं लागत नाही.

पण अपेक्षा कमी ठेवा. गोव्यात खाण डोळ्यांत घुसते, इथं ती शोधावी लागते. झुडपांत बुजलेलं एखादं भुयाराचं तोंड, गारगोटीच्या चुऱ्याचे ढीग, एवढंच. कप्पतगुड्ड २०१९ पासून वन्यजीव अभयारण्य आहे, त्यामुळं वनखात्याला विचारल्याशिवाय डोंगरात शिरू नये. मजा आहे ती डोंगराला वळसा घालण्यात: गदग, डंबळ, डोणी, शिरहट्टी आणि परत गदग. दोन दिवस निवांत. डंबळला दोड्डबसप्पाचं तारकाकृती देऊळ आहे, आणि वाट वाकडी करायची तयारी असली तर गदगपासून बारा किलोमीटरवर जुन्या देवळांचं लक्कुंडी. भीमसेनजींचा जन्म याच जिल्ह्यातला. चढ किरकोळ, रस्ते रिकामे. पण डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. जून ते ऑगस्ट नैऋत्येचा वारा समोरून आला की सपाटीवरही घाट चढल्यासारखं होतं. एप्रिल-मेचं तर नाव काढू नका, सावलीला झाड नाही.

जेवणाची चिंता इथं गोव्याहून कमी. खानावळीत ज्वारीची कडक भाकरी, एण्णेगायी (भरली वांगी), शेंगाचटणी, दही, पोटभर. संध्याकाळी गिरमिट (मसाल्याचे चुरमुरे) आणि मिर्चीभजी. भाषा मात्र कन्नड. बेळगावच्या आमच्या पिढीला बाजारापुरतं येतं, पुण्या-कोल्हापूरहून येणाऱ्याला जड जाईल. पंक्चरचं सामान, एक जादा ट्यूब आणि दोनऐवजी तीन बाटल्या पाणी जवळ हवं, कारण डोणीच्या आसपास दुकानं विरळ आहेत. पोचायला हुबळीला गाडी बदलून गदग. पाच-सहा जण असाल तर टेम्पो करणं सोपं.

घाटाची हौस आहे, सायकल आणि गुडघे दोन्ही धड आहेत, आणि चालू काळाचा इतिहास बघायचाय, त्यानं डिचोली. पहिल्यांदाच सामान लादून निघणाऱ्यानं, किंवा आठवी-नववीतलं पोर बरोबर असणाऱ्यानं गदग. तेही डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे गदग-लक्ष्मेश्वर रस्त्यावरच्या मागडी तलावावर हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले रानहंस) हमखास भेटतात. ते आजूबाजूच्या रानात चरायलाही जातात, तेव्हा तलावासाठी वेळ हातात ठेवा.