वहीत नक्की लिहायचं काय?

जानेवारीत हौसेनं घेतलेली डायरी पाडव्यापर्यंत दुधाच्या हिशेबाला लागते. लोक म्हणतात, आळस. मला वाटतं, कशासाठी लिहायचं हेच ठरलेलं नसतं.

अंथरुणावर पडल्यावर उद्याची कामं डोक्यात फिरत असतील, तर सरळ यादी करा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाचा ५७ तरुणांवरचा प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्याआधी ५ मिनिटं पुढची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी ९ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी बारीक, तितकी झोप लवकर. ‘बँकेचं काम’ असं मोघम नको. ‘११ वाजता केवायसी, आधार-पॅनची झेरॉक्स’ असं लिहा.

मनात जुनं काही सलत असेल, तर यादीनं भागत नाही. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्राच्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. काय घडलं आणि तेव्हा काय वाटलं, दोन्ही लिहिणाऱ्यांच्या पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याच्या खेपा इतरांपेक्षा कमी झाल्या. लिहून उठल्यावर मात्र त्यांना आधीपेक्षा उदास वाटत होतं. तेव्हा परीक्षेच्या किंवा भांडणाच्या दिवशी हे काढू नका. आणि ४ दिवस म्हणजे ४ दिवस. महिनाभर तेच उगाळत बसणं वेगळं. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात. कपाट सामाईक असेल तर लिहून झाल्यावर फाडून टाका, काही बिघडत नाही. घाव अगदी ताजा असेल, तर वहीआधी माणूस गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे.

कृतज्ञतेच्या वहीचा सध्या फार गवगवा आहे. एमन्स आणि मॅककलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या अभ्यासात आठवड्यातून एकदा, आभार मानावेत अशा जास्तीत जास्त ५ गोष्टी लिहिणारे अधिक आशावादी दिसले. रोज लिहिलं की ‘आई-बाबा, घर, तब्येत’ अशी परवचा होते. त्यापेक्षा रविवारी एकच ओळ लिहा, पण नेमकी: ‘भर पावसात रिक्षावाला मीटरनंच आला.’ फार काही बोचत नसेल, नुसतंच सगळं सपक वाटत असेल, तर हा प्रकार बरा. दुखऱ्या मनाला बळेच आभार मानायला लावणं मला पटत नाही.

वही की मोबाइल? फाडायचं असेल तर कागद. झोपेआधीच्या यादीलाही कागदच. मोबाइल हातात आला की यादी राहते बाजूला आणि रील सुरू होतात. रविवारची ओळ कुठेही चालेल.