दोन बाय पंधराचा श्रेडर: लष्करी पोलिसांच्या गेट ऑफिससाठी घ्यावा का?

श्रेडर म्हणजे कागदाचे बारीक तुकडे करून तो नष्ट करणारे यंत्र. घ्यावा. मात्र खोक्यावर छापलेला ‘एका वेळी १० पाने’ हा आकडा बघून घेऊ नये. सलग किती मिनिटे चालतो आणि तापल्यावर किती वेळ बसून राहतो, ते बघून घ्यावा. गेट ऑफिसातली माहिती पात्यांतून निसटून सहसा फुटत नाही. ती फुटते ‘मशीन गरम झालंय, उद्या बघू’ म्हणत शेजारच्या खुर्चीवर ठेवलेल्या गठ्ठ्यातून. तो गठ्ठा तसा पडून राहायची पाळी किती वेळा येईल, हाच डेटा प्रोटेक्शनचे, म्हणजे लोकांची वैयक्तिक माहिती जपण्याचे, काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न असायला हवा.

इथे ज्या यंत्राबद्दल लिहिले आहे त्याचे माप असे: तुकडा २ × १५ मिलिमीटर, सुरक्षा पातळी पी-५ (पातळ्यांचा अर्थ पुढे दिला आहे), क्षमता ८ ते १० पाने, टोपली २५ लिटरच्या आसपास, सलग चालण्याची वेळ किमान २० मिनिटे. या मापाची यंत्रे वेगवेगळ्या छापांखाली मिळतात, म्हणून परीक्षण मापाचे आहे, छापाचे नाही.

गोव्यातल्या दाबोळी, वास्को, वेरे, बांबोळी या पट्ट्यातल्या लष्करी किंवा नौदलाच्या फाटकावर कोणता कागद साठतो ते आधी बघू. जवानांचे आउटपास, सरकारी गाड्यांची चलने, गैरहजर माणसांच्या याद्या हे तर आलेच. पण ढीग वाढतो तो मुलकी माणसांच्या कागदांनी. क्वार्टर्समध्ये घरकामाला येणाऱ्या बायकांच्या पोलीस पडताळणीचे फॉर्म, कंत्राटदाराच्या मजुरांच्या आधारच्या झेरॉक्स, नळवाला, गॅसवाला, केबलवाला यांचे तात्पुरते पास. यातल्या कुणाचाही लष्कराशी तसा संबंध नसतो, आणि आपली झेरॉक्स पुढे कुठे जाते हे विचारायची त्यांची प्राज्ञाही नसते. ‘गुप्त’ शिक्क्याच्या कागदांसाठी विभागाचे वेगळे आदेश असतात आणि त्यांवर १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आहेच. ते कागद या परीक्षणात धरलेले नाहीत.

आता पातळ्यांचा हिशेब. डिन ६६३९९ हे कागद आणि इतर साधनांवरची माहिती नष्ट करण्याचे जर्मन मानक पुढे आयएसओ/आयईसी २१९६४ म्हणून स्वीकारले गेले. त्यात कागदासाठी पी-१ ते पी-७ अशा सात पातळ्या आहेत. साधा पट्टी कापणारा श्रेडर ६ मिलिमीटरच्या पट्ट्या काढतो, म्हणजे ए-४ पानाच्या ३५ पट्ट्या होतात. पान आडवे घातले आणि छापील ओळ पट्टीच्या दिशेने आली, तर अख्खी ओळ एका पट्टीवर वाचता येते. आधारच्या झेरॉक्सवरचे बारा अंक तर आरामात. पी-४ मध्ये तुकडा १६० चौरस मिलिमीटरपर्यंत चालतो, म्हणजे पानाचे सुमारे ३९० तुकडे. पी-५ मध्ये मर्यादा ३० चौरस मिलिमीटर, तुकडे दोन हजारांच्या वर. नाव, नंबर आणि फोटो एकाच पानावर असलेल्या फॉर्मसाठी पी-५ च्या खाली उतरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पी-७ गेट ऑफिससाठी अनाठायी आहे. त्याची क्षमता कमी, तेल जास्त लागते, आणि गठ्ठा पुन्हा खुर्चीवर जातो.

दुकानात इथेच फसगत होते. ‘मायक्रो कट’ ही पातळी नव्हे, जाहिरातीतला शब्द आहे. पणजीच्या अठरा जून रस्त्यावर विचारा किंवा ऑनलाइन बघा, ३ × ९ मिलिमीटरचे यंत्रही त्याच नावाने समोर येते. गुणाकार केला तर २७, म्हणजे तीसच्या आत, म्हणून गिऱ्हाईक खूश. पण पी-५ साठी रुंदीही २ मिलिमीटरच्या आत लागते, त्यामुळे ते यंत्र पी-४ च राहते. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून मागणी घालताना ‘क्रॉस कट’ किंवा ‘मायक्रो कट’ एवढेच लिहिले, तर सर्वांत स्वस्त बोली याच फटीतून आत येते. तुकड्याची लांबी, रुंदी, पी-पातळी आणि सलग चालण्याची वेळ हे चारही आकडे मागणीत लिहावेत.

क्षमतेचा आकडा बहुधा ७० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाच्या) कोऱ्या, कोरड्या कागदावर काढलेला असतो. ऑफिसात ७५ किंवा ८० जीएसएमचा कागद येतो. त्यावर स्टॅम्प पॅडची शाई, डिंकाने चिकटवलेला फोटो, वर फाइलची नाडी. दहाचे यंत्र सहा-सात पानांवर चालवावे. गोव्यात जून ते सप्टेंबर चारच्या वर जाऊ नये. पावसाळ्यात हवेतला दमटपणा कागद पिऊन घेतो. मऊ पडलेला कागद कापला जायच्या ऐवजी पात्यांमध्ये चेंगरतो, तंतू दातांत अडकतात, आणि तेलात मिसळून त्यांचा राखाडी लगदा तयार होतो. रात्री यंत्र बंद असताना तो वाळतो. सकाळी बटण दाबले की मोटर नुसती घुमते आणि लाल दिवा लागतो. ‘जाम’ म्हणून जी तक्रार जाते तिच्यात पुष्कळदा बिघाड नसतो, हा लगदा असतो. उपाय साधा आहे. नष्ट करायचे कागद उघड्या ट्रेमध्ये न ठेवता एसी खोलीतल्या कुलूपबंद कपाटात ठेवायचे. कुलूप सुरक्षेसाठीही हवेच, त्यामुळे एकात दोन कामे होतात.

तेल कसे घालायचे, हे पुस्तिकेत असते पण कुणी वाचत नाही. टोपली रिकामी केली की दर वेळी एक कोरे पान घ्यावे, त्यावर श्रेडरच्या तेलाची नागमोडी रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढावी आणि पान आत सोडावे. मग उलट्या दिशेने चार-पाच सेकंद यंत्र फिरवावे, म्हणजे तेल सगळ्या पात्यांना लागते. स्प्रेचा डबा वापरू नये. त्यातला वायू ज्वलनशील असतो, यंत्राच्या पोटात कोंडतो आणि मोटरच्या ठिणगीने भडका उडू शकतो. खोबरेलही नको, थंडीत थिजते आणि धूळ धरते. प्रवेशफटीतला छोटा सेन्सर धुळीने झाकला गेला की कागद नसतानाही यंत्र फिरत राहते, किंवा कागद घातला तरी ढिम्म हलत नाही. प्लग काढून कोरड्या इअरबडने तो पुसावा. निम्म्या वेळा सर्व्हिस इंजिनियर येऊन एवढेच करतो आणि व्हिजिट चार्ज लावतो.

२० मिनिटांत हे यंत्र आरामात चार-पाचशे पाने खाते. पी-५ चा चुरा बारीक असला तरी फुगतो, त्यामुळे टोपली साधारण २५०-३०० पानांत भरते. म्हणजे मधे एकदा टोपली रिकामी करायला थांबावेच लागते आणि मोटरलाही उसंत मिळते. स्वस्त घरगुती यंत्रे पाच मिनिटे चालतात आणि अर्धा-पाऊण तास थंड होतात. किमतीत जी बचत दिसते ती इथे बुडते. यूपीएसवर मात्र हे यंत्र जोडू नये, मोटर सुरू होतानाच्या झटक्याने छोटा यूपीएस बसतो. थेट भिंतीतल्या प्लगवर असावे.

स्टेपल पिना बहुतेक यंत्रे पचवतात. फाइलची नाडी, जेम क्लिप, स्पायरल, स्टिकर काढावेतच. चिकट लेबल पात्यांना गुंडाळले जाते. लॅमिनेट केलेले जुने पास एकेकच घालावेत. थर्मल पावत्या गुंडाळी होऊन पात्याभोवती फिरतात, त्या साध्या पानात घडी घालून सोडाव्यात.

आता यंत्राच्या तोंडाशी कधीच न येणाऱ्या गोष्टी, आणि खरी गळती तिथेच आहे. चलनबुकातला कार्बन पेपर आधी बघा. दुसरी प्रत फाडली, पहिली दिली, कार्बन टोपलीत. उजेडासमोर धरला की गाडीचा नंबर, जवानाचे नाव, वेळ, सगळे दिसते. पीव्हीसी ओळखपत्र छापणाऱ्या प्रिंटरची रिबन त्याहून वाईट. एका कार्डासाठी रंगांचे पट्टे एकदाच वापरले जातात आणि संपलेल्या रिबनच्या काळ्या पट्ट्यावर छापलेला मजकूर कोऱ्या अक्षरांत तसाच राहतो. अख्खे रीळ म्हणजे आतापर्यंत पास दिलेल्या सगळ्यांची क्रमवार यादी. हे रीळ भंगारात जाते. ते श्रेडरमध्ये घालू नये, प्लास्टिकची फीत पात्यांना गुंडाळून बसते. रीळ उलगडून कात्रीने तुकडे करून, नोंद करून जाळण्याच्या मालात द्यावे. भाड्याच्या झेरॉक्स मशीनमधली हार्ड डिस्क, बोटांचे ठसे घेणाऱ्या हजेरी यंत्राची मेमरी, सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारा डीव्हीआर, हे करार संपल्यावर पुरवठादार उचलून नेतो. तो नेण्याआधी मेमरी पुसून घेणे हे या श्रेडरचे काम नव्हे. यंत्राला सीडीची फट असली म्हणून एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी डिस्क) किंवा पेनड्राइव्ह त्यात जात नाही. चुंबकीय हार्ड डिस्क डिगॉसरने, म्हणजे तीव्र चुंबकीय क्षेत्राने माहिती पुसणाऱ्या यंत्राने, निकामी होते, एसएसडीवर डिगॉसरचा काडीचा परिणाम होत नाही, कारण तिच्यात चुंबकीय काही नसतेच. तिचे चिप फोडावे लागतात.

आणि काय नष्ट करायचेच नाही? इथे डेटा प्रोटेक्शनवाला अधिकारी आणि साफसफाईचा उत्साह यांची टक्कर होते. केंद्र सरकारच्या कार्यालयातला कागद हा १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याखाली येतो. ठरलेल्या पद्धतीशिवाय तो नष्ट केला तर कलम ९ खाली पाच वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १८९२ पूर्वीच्या कागदाला तर अभिलेखागाराच्या महासंचालकांच्या मताशिवाय हात लावायचाच नाही. फाटकावर एवढा जुना कागद सापडणार नाही, पण नियम माहीत असावा. कोर्ट ऑफ इन्क्वायरी, कोर्ट मार्शल, दिवाणी दावा किंवा माहिती अधिकाराचा अर्ज चालू असेल, तर त्या तारखांची रजिस्टरे गठ्ठ्यातून बाजूला काढावीत. सीसीटीव्हीची प्रत पुरावा म्हणून दिली असेल, तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात तिचे हॅश मूल्य (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) लिहिलेले असते. मूळ पुसले की त्या प्रमाणपत्राची अडचण होते. म्हणून श्रेडरशेजारी एक वही हवी: तारीख, कागदाचा प्रकार, कोणत्या कालावधीचा, अंदाजे पाने, कुणाच्या आदेशाने, कुणासमोर. दोन सह्या. ज्याने गठ्ठा बांधला त्याच्याकडूनच नष्ट करवून त्याचीच साक्ष घेऊ नये.

नव्या कायद्याचे काय, हा प्रश्न हमखास येतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा डिजिटल माहितीला आणि कागदावरून पुढे डिजिटल केलेल्या माहितीला लागू आहे. नुसते हाताने लिहिलेले रजिस्टर त्यात येत नाही. तीच आधारची झेरॉक्स व्हिजिटर सॉफ्टवेअरमध्ये स्कॅन केली की आली. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. गुन्ह्याचा प्रतिबंध आणि तपास यासाठी कलम १७ मध्ये मोठी सूट आहे, आणि राज्ययंत्रणेच्या अधिसूचित अंगांना तर त्याहून मोठी. पण तपासाच्या सुटीतही कलम ८(५) शिल्लक राहते: माहिती सुरक्षित ठेवण्याची वाजवी काळजी. अधिसूचित यंत्रणा नसेल, तर ‘आम्ही पोलीस आहोत’ म्हणून ही काळजी माफ होत नाही. डेटा प्रोटेक्शन ऑफिसर नेमण्याची सक्ती मात्र कलम १० खाली फक्त सरकारने ‘महत्त्वाच्या’ ठरवलेल्या डेटाधारकांवर, म्हणजे लोकांची माहिती घेऊन वापरणाऱ्या संस्थांवर, आहे. युरोपात २०१६ चा ६८० क्रमांकाचा निर्देश पोलीस यंत्रणांना असा अधिकारी नेमायलाच लावतो. आपल्याकडे हे काम बहुधा एखाद्या अधिकाऱ्याच्या मूळ कामाला जोडून येते, वेगळा माणूस मिळत नाही. म्हणून यंत्र असे हवे की ते चालवायला कुणाला सतत समोर उभे राहावे लागू नये.

चुऱ्याबद्दल थोडे. तेलकट आणि आखूड तंतूंचा हा चुरा रद्दीवाल्याला फारसा नको असतो, लगद्याला लांब तंतू लागतात. भाव मिळणार नाही हे धरूनच चालावे. पट्टी कापणाऱ्या यंत्राच्या पिशव्या मात्र दिवाळीच्या आधी पोरे हौसेने मागायला येतात, नरकासुराच्या पुतळ्याच्या पोटात भरायला. तिथे नकार द्यायचा. पी-५ चा चुरा दिला तरी बिघडत नाही, पण तो पोटातून गळतो, म्हणून पोरांनाही नको असतो.

सर्व्हिसचा मुद्दा खरेदीपूर्वीच मिटवावा. गोव्यात अशा यंत्रांचे सुटे भाग बहुधा बाहेरून मागवावे लागतात. वार्षिक देखभाल करारात पात्यांचा संच आणि गिअर धरले आहेत का ते वाचावे, ‘कन्झ्युमेबल वगळून’ या दोन शब्दांत बरेच काही वगळलेले असते. गिअर धातूचे आहेत की नायलॉनचे हे लेखी घ्यावे. ओला गठ्ठा कोंबला की नायलॉनच्या गिअरचे दात आधी जातात. आणि यंत्र दुरुस्तीला बाहेर पाठवताना टोपली रिकामी करून आणि पात्यांतला चुरा झटकून पाठवावे, वहीत तशी नोंद करून.